‘मला’ म्हणता येतं, तर ‘गेट’ही येईल

सर, नमस्कार.

मी भांडुपला राहते, वय ४३. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बी.कॉम. मुलं हाताशी आल्यावर गेल्या दिवाळीनंतर चकाल्याला एका मालवाहतुकीच्या ऑफिसात नोकरी लागली. काम जमतं, कॉम्प्युटर जमतो, इंग्रजी वाचलं तर कळतं. पण साहेब बोलायला लागले की एका शब्दापाशी मी अडते, ‘गेट’. एकदा ते म्हणाले, ‘आय विल गेट बॅक टू यू.’ मला वाटलं, परत येतायत. साडेसातपर्यंत टेबलाशी बसून राहिले, ते केव्हाच घरी गेले होते. एकदा ‘गेट इट साइन्ड’ म्हणाले, तर मी चलनावर माझीच सही केली. मागच्या आठवड्यात ‘डोन्ट गेट मी राँग’ म्हणाले. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं आणून दिलं. सगळी फाइल तीनदा तपासली आणि घरी येताना मेट्रोत रडू आवरलं नाही. जाडी डिक्शनरी आणली. त्यात ‘गेट’चे अर्थ संपता संपत नाहीत. वहीत उतरवायला घेतले, बाविसाव्याला थांबले, कारण पहिले विसरले होते. मुलगी म्हणते, ‘आई, एवढं साधं तुला कळत कसं नाही?’ स्टेशनबाहेर एका क्लासची जाहिरात आहे, तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी, फी १८ हजार. लावू का? की या वयात हे आता होणार नाही?

– एक वाचक, भांडुप

ताई, नमस्कार.

वयाचं आधी सांगतो. मी गिरणगावातल्या एका रात्रशाळेत सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं. दिवसभर हॉटेलात, छापखान्यात, गोदामात राबून आलेली माणसं संध्याकाळी बाकावर येऊन बसायची. त्यात तुमच्याहून मोठी माणसंही होती. ‘गेट’पाशी अडला नाही असा त्यातला एकही मला आठवत नाही. एक मुलगा दादरच्या एका उडुपी हॉटेलात टेबलं पुसायचा. त्याला हा शब्द एबीसीडीच्याही आधी भेटला होता. गिऱ्हाईक म्हणायचं ‘गेट मी अ चाय’, ‘गेट द बिल’. त्याने मनाशी नक्की केलं, गेट म्हणजे आणणे. मग एके दिवशी वर्गात हात वर करून त्याने विचारलं, ‘सर, मग गेट आउट म्हणजे बाहेर काय आणायचं?’ वर्गात कोणी हसलं नाही, कारण प्रश्न सगळ्यांचाच होता. मी त्या दिवशी त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. घरी जाऊन बरेच दिवस विचार केला, आणि आज तुम्हाला जे लिहितोय ते त्या विचारातून आलेलं आहे.

आधी तुमचंच पत्र पुन्हा वाचा. तुम्ही लिहिलंत, ‘नोकरी लागली’. पुढे लिहिलंत, ‘साहेब बोलायला लागले’. तीच क्रिया, दोन अगदी वेगळी कामं, आणि लिहिताना तुमचं पेन एकदाही अडखळलं नसणार. भूक लागते, झोप लागते, वेळ लागतो. फोन लागतो, नंबर लागतो, दहावीचा निकाल लागतो. भात तळाला लागतो आणि आंबा गोड लागतो. समोरच्या घरातली ती बाई तुमची कोण लागते, असंही आपण विचारतो. ‘गाडी लागली’ एवढे दोनच शब्द घ्या. खंडाळ्याच्या घाटात कोणी म्हणालं, तर तुम्ही पिशवी आणि लिंबू शोधाल. घाटकोपरच्या पुलावर कोणी म्हणालं, तर धावत जिना उतराल. दोन्हीकडे शब्द तेच, आणि तुमचा गोंधळ आयुष्यात एकदाही झालेला नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश कुठे मिळाला तर (त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली आपल्या मुंबईतच निघाली) त्यात ‘लागणे’ काढून बघा, नोंद कशी लांबत जाते ते. आणि शेजारच्या एखाद्या तमिळ बाईंनी विचारलं की ‘लागणे’ म्हणजे काय हो, तर तुम्ही काय सांगाल? तुम्ही म्हणाल, आधी वाक्य सांगा, मग सांगते.

मुलीवरही म्हणून रागावू नका. तिला ‘गेट’ येतं पण समजावता येत नाही, जसं तुम्हाला ‘लागणे’ समजावता येणार नाही. तिला एकदा हा घाटातल्या गाडीचा आणि पुलावरच्या गाडीचा प्रश्न घाला. तिचा सूर बदलेल.

बावीस अर्थांवर थांबलात याचंही वाईट वाटून घेऊ नका. हे काम कोशकारांनाही जड जातं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत, म्हणजे वीस खंडांत, सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. पुढे नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ची नोंद नव्याने लिहायला घेतली, तर त्या एका क्रियापदावर एक संपादक नऊ महिने बसला आणि अर्थ निघाले ६४५. असली यादी पाठ करण्यासाठी लिहिलेलीच नसते. ती वही आता बंद करा.

आता ‘गेट’. माझ्या मते हा शब्द मराठी माणसाला अवघड जातो याचं खरं कारण अर्थांची संख्या नाही, वाक्याची बैठक आहे. आपल्याकडे गोष्टी माणसाकडे चालत येतात. मला राग आला, मला सर्दी झाली, मला भूक लागली, मला फोन आला, मला पगार मिळाला, मला कल्पना सुचली. माणूस जागेवर, ‘मला’ होऊन बसलेला, आणि राग, सर्दी, पगार सगळं त्याच्यापाशी येतं. इंग्रजीत तसं नाही. तिथे माणूस ‘आय’ म्हणून वाक्याच्या तोंडाशी उभा राहतो आणि त्या गोष्टीपर्यंत स्वतः जातो. आय गॉट अँग्री. आय गॉट अ कोल्ड. आय गॉट हंग्री. आय गॉट अ कॉल. आय गॉट माय सॅलरी. आय गॉट ॲन आयडिया. बघा, आपल्याकडे क्रियापदं बदलत गेली, आलं, झालं, लागलं, मिळालं, सुचलं. तिकडे सगळ्यांच्या जागी एकच ‘गॉट’ आणि ते गेटचंच भूतकाळातलं रूप.

म्हणून ‘गेट म्हणजे काय’ हे विचारणं सोडून द्या. त्याऐवजी मनातलं मराठी वाक्य ‘मला’ने सुरू होऊन ‘आलं, झालं, लागलं, मिळालं’ यांपैकी कशावर तरी संपतंय का ते बघा. तसं असेल तर बहुतेक वेळा ‘आय गॉट’ म्हणून चालून जाईल. ‘मला नोकरी लागली’ म्हणजे आय गॉट अ जॉब. नुसतं ‘मला लागलं’, गुडघा फुटला असेल तर, आय गॉट हर्ट. ‘मला समजलं’ म्हणजे आय गॉट इट. आपणही ‘लक्षात आलं’ म्हणतोच की, तिथेही गोष्ट येतेच.

एक काळजी मात्र घ्या. जिथे ‘आहे’ आहे, तिथे सहसा गेट नाही. ताप आला, आय गॉट अ फीव्हर. ताप आहे, आय हॅव अ फीव्हर. लग्न झालं, तो दिवस, ती धावपळ, आय गॉट मॅरीड. लग्न झालेलं आहे, आता वीस वर्षं, आय ॲम मॅरीड. गेटमध्ये बहुतेक वेळा एक हालचाल असते: आधी तसं नव्हतं, आता झालं. त्या हॉटेलातल्या मुलाला हे मी पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं. चहा आधी टेबलावर नव्हता, आता आला. माणूस आधी आत होता, आता बाहेर. गेट आउट. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, ‘म्हणजे जे हलतं ते गेट.’ माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं त्याने.

आणि हो, प्रत्येक ‘मला’ इथे चालत नाही. मला वाटतं, मला आवडतं, मला माहीत आहे, यांची क्रियापदं निराळी आहेत, तुम्हाला येतात. ‘मला झोप लागली’ला ते आय फेल अस्लीप म्हणतात. असे अपवाद आठ-दहा भेटतील. भेटतील तेव्हा बघू.

तुमच्या चलनाकडे येतो, कारण त्या चुकीत सगळ्यांत जास्त शिकण्यासारखं आहे. ‘गेट इट साइन्ड.’ ही रचना आपल्याकडे हुबेहूब आहे आणि आपण दिवसातून दहा वेळा वापरतो: करून घेणं. सही करून घ्या. शिक्का मारून घ्या. गॅस तपासून घ्या. काम दुसऱ्याचं, करवून आणायची जबाबदारी आपली. इंग्रजीत आधी गेट, मग वस्तू, मग ते ‘साइन्ड, स्टॅम्प्ड, चेक्ड’ असं झालेलं रूप. हा क्रम कानाला लागला की वाक्य कधी चुकणार नाही. न्हाव्याकडून केस कापून घेतले तर आय गॉट माय हेअर कट. नुसतं आय कट माय हेअर म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल, आरशासमोर स्वतःच कात्री चालवली. साहेब नुसतं ‘साइन इट’ म्हणाले असते तर तुम्ही केलेली सही बरोबर होती. आधी गेट लागलं म्हणून ती दुसऱ्याची झाली. तुम्ही ‘साइन’ ऐकलंत, ‘गेट’ सोडून दिलंत, कारण तो शब्द आला की तुम्ही घाबरता आणि पुढचं ऐकू येत नाही. हे मी वर्गात शेकडो वेळा पाहिलंय.

याच्याच जवळची एक रचना नको असलेल्या गोष्टीला चालते. गर्दीत पाकीट मारलं गेलं, माय वॉलेट गॉट स्टोलन. तिथे कोणी करून घेतलेलं नाही, ते आपल्यावर ओढवलं. संदर्भाने कळतं.

जागेचं गेट तर तुमच्या रोजच्या वाटेवर पसरलेलं आहे. भांडुप स्टेशनला पोहोचणं म्हणजे गेट टू द स्टेशन. लोकलमध्ये चढणं गेट ऑन, जागा मिळणं गेट अ सीट (सकाळच्या वेळेला मिळत असेल तर), घाटकोपरला उतरणं गेट ऑफ. मग मेट्रोत पुन्हा गेट ऑन, चकाल्याला गेट ऑफ. रिक्षा केली तर मात्र गेट इन आणि गेट आउट. जिथे उभं राहून चालता येतं त्या गाडीला ऑन-ऑफ, जिथे वाकून शिरावं लागतं तिला इन-आउट, एवढं धरून चला. मुंबईत उतरण्याला सर्रास ‘गेट डाउन’ म्हणतात. लेडीज डब्यात ‘यू आर गेटिंग डाउन?’ हेच ऐकू येतं, आणि तिथे तुम्हीही तेच म्हणा, सगळ्यांना कळतं, कोणाची चूक काढायची ती जागा नव्हे. परदेशी माणसाशी फोनवर बोलताना ‘गेट ऑफ’ म्हणा. तसंच ‘आय ॲम गेटिंग लेट’चं. इथे चालतं, तिकडे ‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणतात. आणि घरी पोहोचल्यावर मैत्रिणीला मेसेज कराल तेव्हा ‘गॉट होम’ एवढंच. होम, हिअर, देअर यांच्याआधी ‘टू’ लावायचा नाही.

उच्चाराचंही एक सांगून टाकतो, कारण पुस्तकात ते सापडत नाही. आपल्या लिपीत हे क्रियापद आणि बिल्डिंगचं गेट दोन्ही एकसारखंच लिहितो. बोलताना तसं नाही. बिल्डिंगचं गेट, गेटवे ऑफ इंडियातलं गेट, तिथे ‘ए’ लांबवायचा. क्रियापदातला ‘ए’ आखूड, जीभ लगेच ‘ट’वर. तुम्ही दोन्ही लांब म्हणत असाल, आपण बहुतेक सगळे म्हणतो, तर ऐकणारा क्षणभर थबकतो. चार दिवस आरशासमोर म्हणून बघा.

हा शब्द मुळात इंग्रजांचा नाही हे तुम्हाला आवडेल. समुद्रावरून आलेल्या उत्तरेकडच्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतून तो इंग्लंडात शिरला. ‘टेक’ही त्यांचाच. पुढे १०६६ साली नॉर्मन लोक इंग्लंड जिंकून आले आणि त्यांच्या फ्रेंचमधून ‘ऑब्टेन’, ‘रिसीव्ह’ असे दरबारी शब्द आले. आजही ती वाटणी टिकून आहे, आणि ती आपल्याला ओळखीची आहे. घरी आपण म्हणतो पत्र मिळालं, सरकारी कागदावर लिहितो आपले पत्र प्राप्त झाले. गेट हे ‘मिळालं’ आहे, रिसीव्ह हे ‘प्राप्त झाले’. त्यामुळे ऑफिसच्या ईमेलमध्ये तुम्ही ‘वी हॅव रिसीव्ड युवर शिपमेंट’ लिहिता ते योग्यच आहे, ते बदलू नका. साहेब तोंडाने बोलताना ‘डिड वी गेट इट?’ विचारतात, तेही योग्यच. तुम्हाला वाचलेलं कळतं आणि ऐकलेलं अडतं, त्याचं एक मोठं कारण हे आहे. तुम्ही आजवर ‘प्राप्त झाले’चं इंग्रजी वाचत आलात. कानावर पडतंय ते ‘मिळालं’चं.

राहिली ती जोडगोळी, गेटच्या शेपटाला एक छोटा शब्द लागून तयार होणारी. गेट ओव्हर, गेट अलाँग, गेट थ्रू, गेट अवे. यांना वरचा कुठलाही नियम पुरत नाही, आणि पुरतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ‘वाट लागली’ कोणी नियमाने शिकत नाही, ज्या दिवशी वाट लागते त्या दिवशी शिकतो. तसंच हे. ‘गेट बॅक टू यू’ म्हणजे नंतर कळवतो. परत येते ती त्यांची बातमी, साहेब नव्हेत. साडेसातपर्यंत बसलात, त्यामुळे हा अर्थ आता तुम्ही मरेपर्यंत विसरणार नाही. ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणं, जमणं. सासू-सुनेचं जमतं तसं. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून, दुःखातून उठणं. बाकीचे येतील तसे येऊ द्या.

आता क्लास. लावू नका. १८ हजार रुपये तुमच्या घरात कशाकशाला उपयोगी पडतील ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे, आणि तीस दिवसांत फाडफाड येईल अशी भाषा जगात नाही. त्याऐवजी खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. दिवसभरात गेटचं एकच वाक्य पकडायचं. कोण म्हणालं, कशाबद्दल म्हणालं, आणि खाली तुमच्या मराठीत ते कसं म्हणाल. ‘गेट = आणणे’ असं मात्र कधीही लिहायचं नाही. पूर्ण वाक्य, माणसासकट, प्रसंगासकट. जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं पुरतात. माझ्या वर्गात ज्यांनी ही वही चार-पाच महिने चालवली, त्यांना पुढे माझी गरज उरली नाही.

आणि सोमवारी ऑफिसात एक करा. साहेबांचं वाक्य कळलं नाही तर गप्प राहून अंदाज बांधू नका. म्हणा, ‘सॉरी सर, आय डिडन्ट गेट दॅट.’ यातही तोच शब्द आहे, आणि तुम्हाला तो बरोबर वापरता येतोय हे त्यांनाही कळेल. माणूस मग तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगतो.

एक शेवटचं राहिलं. ‘डोन्ट गेट मी राँग’ म्हणजे माझ्याबद्दल गैरसमज करून घेऊ नका. ती बोलणी नव्हती, ताई. नाजूक काही सांगायच्या आधी माणूस असं म्हणतो, समोरच्याला लागू नये म्हणून. त्या शब्दांच्या पुढे ते काय म्हणाले, हे तुमच्या पत्रात नाही. बहुतेक तुम्ही ते ऐकलंच नाही, तोवर तुम्ही मनातल्या मनात फाइल उघडली होती. जे सांगायचं होतं ते त्या पुढच्या वाक्यात होतं. एकदा जाऊन विचारा.